घोंगडीतलं सहा सिलिंडर

उदगीर
६ जानेवारी १९८६

ती. वीरभद्रअप्पा यांस मलप्पाचा शरणु शरणार्थी.

अधिक महिन्यात मामांनी आपल्या दोघा जावयांना धोंड्याचं जेवायला देवणीला बोलावलं, त्यानंतर तुमचं एकही पत्र नाही. शिवकांता रोज विचारते, नांदेडहून अक्काचं काही आलं का. नीलम्माअक्कांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो.

पत्राला कारण असं की मामांनी मला वाणात दिलेली जुनी अमेरिकन पिकअप दिवाळीपासून अंगणात उभी आहे. आतला रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. इकडचे साहेबराव मिस्त्री म्हणतात, हे इंजिन संपलं, दुसरं बघा.

यंदाचा हाल तुम्हाला सांगायला नको. देवणीच्या आसपासच्या वाड्यांवर विहिरींत बादली टेकून राहिली आहे. मी लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. पूर्वी उस्मानाबादला जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे, आता जिल्हा आपल्या दारात आला. साहेबांनी बसवून घेतलं, चहा पाजला, तीन वाड्यांवर पाणी पोचवायचं काम माझ्या नावानं लिहून दिलं. एक मार्चपासून गाडी चालू पाहिजे. मामांच्या गाईंनाही त्याच फेरीत पाणी मिळेल. मामा तर गाईंच्या काळजीनं अर्धे झालेत.

डिझेलचं इंजिन बसवायचं तर गिअरबॉक्स, कागदपत्रं सगळं बदलावं लागेल, तेवढा वेळ नाही. पेट्रोलचंच बसवायचं आहे. तीन मार्ग दिसतात. होतं तसलंच सहा सिलिंडरचं शोधायचं, नाहीतर जीपचं चार सिलिंडरचं, नाहीतर मोटारीचं चार सिलिंडरचं. ती गाडी तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाही. कोणतं बसवू ते कळवा.

तुमचा,
मलप्पा


नांदेड
१४ जानेवारी १९८६, संक्रांत

श्री. मलप्पा यांस वीरभद्रचा शरणार्थी.

तिळगूळ घ्या. गोड बोलायचा दिवस आहे, म्हणून आजच लिहायला बसलो.

तुमच्या नव्या जिल्ह्याचं कौतुक वाचलं. आमचा नांदेड जुना जिल्हा, आम्हाला कलेक्टर चहा पाजत नाहीत. चालायचंच.

गाडी माझ्याइतकी कुणाला माहीत नाही हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पंधरा वर्षं दर दोन महिन्यांनी मामांचं पोस्टकार्ड यायचं, 'गाडी बंद. यावे.' मी इथलं वजिराबादेतलं गॅरेज बंद करून, तीन यष्ट्या बदलून देवणीला जायचो. निम्म्या वेळेला कॉइलची वायर निसटलेली असायची, बस्स. पंधरा वर्षांत मामांना एक वायर बसवता आली नाही. ती मी बसवायचो. आणि धोंड्याला काय झालं ते तुम्ही पाहिलंत. तेहतीस अनारसे दोघांच्या ताटात सारखेच. माझ्या ताटाखाली तांब्याची परात निघाली आणि तुमच्या ताटाखाली गाडीची किल्ली. परात चांगली आहे. नीलम्मा तिच्यात पीठ मळते.

आता इंजिनाचं. सहा सिलिंडरचं त्या गाडीचं मूळचं. जागेवर जसंच्या तसं बसतं, गिअरबॉक्स तोच चालतो, हळू फिरत असतानाही ओझं ओढतं. पण पेट्रोल बदाबदा पितं, आणि मुख्य म्हणजे आता ते मिळत नाही. मी तरी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

जीपचं ओढायला बरं. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे जाड पत्र्याची तबकडी कातून घ्यावी लागते, इंजिन ज्यावर बसतं ते पुढचे पाये बदलावे लागतात, पंखा रेडिएटरला घासतो. उदगीरच्या लेथवर ते काम नीट होईल असं मला वाटत नाही.

राहिलं मोटारीचं. हलकं, कमी पेट्रोलवर चालणारं, सुटे भाग कुठंही मिळणारे. आवाज गोड. माझं ऐकाल तर मोटारीचं बसवा.

वीरभद्र


उदगीर
२ फेब्रुवारी १९८६

ती. वीरभद्रअप्पा यांस शरणु शरणार्थी.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मोटारीचं इंजिन बसवलं. हैदराबादहून अपघातातल्या गाडीचं चांगलं मिळालं.

साहेबराव मिस्त्रींशी मात्र माझी जुंपली. ते म्हणाले, "शेठ, मोटारीचं इंजिन चार माणसं न्यायला असतं. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. चढाला काय करनार ह्ये? जोरात फिरवल्याबिगर ह्याला ताकद येत न्हाई. जीपचं बसवा, तबकडी मी कातून देतो, माझ्यावर सोडा." मी म्हणालो, आमच्या साडूंनी नांदेडहून लिहिलंय, तो शब्द शेवटचा. ते टोपी डोक्यावर चढवून निघून गेले. दोन दिवस आले नाहीत. मग मीच जाऊन समजूत काढली.

मी तरी काय करणार? मामांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, "गाडी तुमची, पन इंजिनाला हात लावायचा तर वीरभद्राला इचारून." खरं सांगू का अप्पा, त्या वेळी मला थोडं लागलं होतं. असो.

काल गाडी देवणीला नेली. रिकामी होती, पण काय पळाली! मामींनी बॉनेटला हळद-कुंकू लावलं. मामा पुढं बसले आणि सगळ्या गावातून चक्कर मारायला लावली. पारावरच्या माणसांना सांगत होते, "आमच्या मलप्पानं गाडी जित्ती केली बघा." मला लाजल्यासारखं झालं. मी म्हणालो, डोकं वीरभद्रअप्पांचं. पण तोवर गाडी पुढं गेली होती, त्यांना ऐकू गेलं नसावं.

तुमचा,
मलप्पा


नांदेड
१० फेब्रुवारी १९८६

श्री. मलप्पा यांस शरणार्थी.

पत्र मिळालं. नीलम्मानं मोठ्यानं वाचलं. 'आमच्या मलप्पानं' हे तिनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा का वाचलंस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, तुमचं तोंड बघायला.

पंधरा वर्षांत मामांनी पारावर माझं नाव कधी घेतलं असेल तर ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी गाडीखाली असायचो, तिथून पार दिसत नाही.

एक ऐका. पाण्याची टाकी पाऊणच भरत जा. काठोकाठ भरू नका. नवं बसवलेलं इंजिन आहे, अंगवळणी पडू द्या. देवणीच्या अलीकडच्या चढाला मधे थांबवून गार होऊ द्या. जास्त खोलात शिरू नका, सांगतो तेवढं करा.

वीरभद्र


उदगीर
५ मार्च १९८६

ती. वीरभद्रअप्पा यांस शरणु शरणार्थी.

गाडी गेली. तिसऱ्याच दिवशी.

तुम्ही टाकी पाऊण भरा म्हणून बजावलं होतं. पण कचेरीचा माणूस विहिरीवर उभा राहून टाकी काठोकाठ भरून घेतो आणि मगच कागदावर सही करतो. मीही म्हटलं, पावणेतीनशे माणसं तिकडं घागरी घेऊन बसलीत, कमी कशाला न्यायचं. चूक माझी. तुमचं ऐकायला हवं होतं.

देवणीच्या अलीकडच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये गाडी रडायला लागली. पाणी उकळून बॉनेटमधून वाफ निघाली. मागं पाठीवर हजार लिटर पाणी आणि पुढं रेडिएटर कोरडा. मी उतरून पाणी घालेपर्यंत खाडकन आवाज झाला आणि बंद. साहेबराव मिस्त्रींनी उघडून पाहिलं. हेड वाकलं, पिस्टन चिकटले. टोमणा न मारता ते हत्यारं गोळा करायला लागले, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

वाडीवरच्या बाया घागरी घेऊन दोन कोस चालत चढापर्यंत आल्या आणि तिथंच टाकी रिकामी करून घेऊन गेल्या. पुढचे दोन दिवस कुणालाच पाणी नाही. मामांनी ऐकलं आणि कुणाला न सांगता दोन गाभण गाई सोडून हाकत नेल्या. भालकीकडच्या पाहुण्यांकडे अजून पाणी आहे म्हणून. सत्तर वर्षांचं माणूस, काल उन्हात दिवसभर चालत गेलं. आज परत आले तेव्हा पायांना फोड. शिवकांता तिथंच आहे, तेल लावते.

लातूरच्या साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली आहे. तोवर गाडी चालू झाली नाही तर काम दुसऱ्याला. नवा जिल्हा झाला तरी चहा एकदाच मिळतो, हे मला आता कळलं.

अप्पा, सहा सिलिंडरचं कुठं मिळेल का? तुमची ओळख सगळीकडं आहे. मी तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

मलप्पा


नांदेड
८ मार्च १९८६

श्री. मलप्पा यांस शरणार्थी.

हे पत्र आमच्या गल्लीतल्या भुजंगरावांच्या ट्रकच्या ड्रायव्हरजवळ देत आहे. त्याच ट्रकमध्ये सहा सिलिंडरचं इंजिन आहे. तुमचं नशीब चांगलं. परवाच हैदराबादच्या भंगार बाजारातल्या एका ओळखीच्याचा निरोप आला, जाऊन घेऊन आलो. पाहून घेतलं आहे, काही करायची गरज नाही. जुने पाये काढले नसतील तर एका दिवसात बसेल. पहिलं तेल शंभर मैलांनंतर बदला. साहेबराव मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. माणूस जाणकार दिसतो.

पैशाचं काही लिहू नका.

मामांचे पाय कसे आहेत ते लगेच कळवा.

वीरभद्र


उदगीर
१४ मार्च १९८६

वीरभद्रअप्पा यांस,

इंजिन बसलं. परवापासून पाणी सुरू आहे. गाडी चढ असा चढते की मधे गिअर बदलावा लागत नाही. मुदतीला एक दिवस राहिला होता.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो, कारण पुढचं कसं लिहावं ते कळेना.

इंजिन उतरवलं तेव्हा मामा काठी टेकत आले. तुम्ही ते घोंगडीत बांधून पाठवलं होतं. मामा इंजिन बघायच्या आधी घोंगडी बघत बसले. मग तिचा एक कोपरा उलटा केला. मामींनी तिथं तांबड्या दोऱ्यानं टाका घातलेला आहे. मामा म्हणाले, "ही तर जिल्हा झाला त्या सालची. धोंड्याला वीरभद्राला दिलती." एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले.

साहेबराव मिस्त्री हेडवर चिकटलेली लोकर चाकूनं खरवडत होते. मला म्हणाले, "शेठ, ह्ये परवाचं न्हाई. तेल लोकरीत मुरून डांबर झालंय. तीन सालं तरी ह्ये इंजिन ह्या घोंगडीत झोपून हाय. आन् बांधणी बघा, नव्या रिंगा, नवे बेअरिंग. एकबी मैल चाललेलं न्हाई."

म्हणजे मी जानेवारीत विचारलं तेव्हा हे तुमच्या गॅरेजमध्ये होतं. तुम्ही लिहिलंत, कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. माझ्याजवळ पत्र आहे. पुन्हा वाचलं. आवाज गोड, असंही लिहिलंय.

मला खड्ड्यात घालायचं होतं, समजू शकतो. पण त्या चढाला फक्त मी नव्हतो. वाडीवरच्या बाया होत्या. मामांच्या पायांचे फोड तुम्ही पाहिले नाहीत. अक्कांना हे माहीत होतं का, असं शिवकांता विचारते. मी तिला काय सांगू?

मलप्पा


नांदेड
२० मार्च १९८६

मलप्पा,

नीलम्माला माहीत नव्हतं. ती घोंगडी हरवली असं मी तिला सांगितलं होतं. तुमचं पत्र तिनं वाचलं तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. परातीत पीठ मळते तेही आवाज करून.

खरं लिहितो. ते इंजिन मी एक्याऐंशी साली हैदराबादेत भंगारातून घेतलं. वर्षभर गिऱ्हाइकांची कामं सांभाळून एकेक भाग बसवला. मामांचं जुनं इंजिन आता फार दिवस चालणार नाही हे मला कळत होतं. आज ना उद्या ती गाडी मामा मला देतील, थोरला जावई, पंधरा वर्षं हाताला तिचंच तेल, दुसरं कुणाला देणार? ज्या दिवशी देतील त्या दिवशी नवं इंजिन बसवून मामांना पुढं बसवायचं आणि देवणीतून चक्कर मारायची. पारासमोर थोडं थांबायचं. एवढंच ठरवलं होतं. ब्याऐंशीच्या धोंड्याला घोंगडी मिळाली, म्हटलं पुढच्या खेपेला. इंजिन तिच्यातच गुंडाळून ठेवलं. पुढच्या खेपेला किल्ली तुमच्या ताटाखालून निघाली.

मी जळत होतो, मलप्पा. तुमच्यावर जळत होतो, मामांवर जळत होतो, लातूरच्या कलेक्टरवरसुद्धा. मोटारीचं इंजिन ओझ्याला टिकणार नाही हे मला माहीत होतं. माणसं तहानेली राहावीत असं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त मामांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की गाडी वीरभद्राला द्यायला पाहिजे होती. टाकी पाऊण भरा असं लिहिलं तेव्हा घाबरलो होतो. तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आणि तुम्ही मला 'चूक माझी' म्हणून लिहिलंत, ते पत्र वाचून मी गॅरेजचं शटर ओढून आत बसलो.

घोंगडीचं म्हणाल तर गॅरेजमध्ये गोणपाट होतं, ताडपत्री होती. भुजंगरावांचा ड्रायव्हर म्हणालासुद्धा, चांगली घोंगडी कशाला खराब करता. मी आहे तशी बांधली. मी सापडावं असं मलाच वाटत होतं का, ते आज सांगता येत नाही.

हे पत्र मामांना वाचून दाखवा. त्यांच्यासमोर यायचं तोंड मला राहिलेलं नाही. गाडीत काही बिघडलं तर साहेबराव मिस्त्री आहेत. माझ्यापेक्षा ते भरवशाचे.

वीरभद्र


उदगीर
२ एप्रिल १९८६

ती. वीरभद्रअप्पा यांस मलप्पाचा शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र मी मामांना वाचून दाखवलं. अंगणात, गाडीशेजारी. मामी आणि शिवकांता दारात उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात म्हणून सगळं वाचलं, जळत होतो तेही वाचलं.

मला वाटलं, आता मामा शिव्या देतील. माझ्याही मनात होतं की द्याव्यात. मग त्यांनी घोंगडी मागवली, मांडीवर घेतली आणि म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो.

"गाडी त्याला दिली असती तर तो ती नांदेडला घिऊन गेला असता. मग देवणीला कशाला आला असता? दोन महिन्याला एकडाव यायचा. गाडीखाली झोपून माझ्याशी बोलत बसायचा, जेवून जायचा. पोरगा न्हाई मला. निम्म्या वक्ताला गाडीला काईबी झालेलं नसायचं. मीच वायर ढिली करायचो आन् कार्ड टाकायचो."

मामी म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. मी बघितलंय."

"म्हून गाडी मलप्पाला दिली. उदगीर जवळ. गाडी इथंच ऱ्हाईल, आन् इंजिनाला वीरभद्राला इचारा म्हून बजावलं. म्हणजे तो येत ऱ्हाईल. पन त्यो बसला रुसून."

अप्पा, तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही. बाया चढापर्यंत चालत आल्या तेही विसरणार नाही. पण तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहितो. मी उदगीरला राहतो. देवणीला दर आठवड्याला जातो. मामांचं धान्य विकून देतो, औषध आणतो, कचेऱ्या करतो. मामा मला 'आमचा मलप्पा' म्हणतात, पारावरसुद्धा म्हणतात. पण चौदा वर्षांत त्यांनी मला बोलावण्यासाठी कधी काही बिघडवलेलं नाही. त्या दिवशी तुमचं पत्र हातात धरून मी गाडीला टेकून उभा होतो आणि जळत होतो; ते काय असतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. किल्ली माझ्याजवळ आहे. तुम्हाला हवी असेल तर या आणि अदलाबदल करा. मला ती पोस्टकार्डं द्या.

घोंगडी मामींनी रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली. तेल निघत नाही. मामा म्हणतात राहू द्या, तीच पांघरतात.

आज सकाळी मी पाणी टाकून मामांकडं गेलो. न्याहारी करून बाहेर येतो तर गाडी चालू होईना. साहेबराव मिस्त्रींनी काल रात्रीच सगळं तपासलं होतं. मी बॉनेट उघडायला गेलो तर मामा ओट्यावरून ओरडले, "तुम्ही हात लावू नका. तुम्हाला कळत न्हाई त्यातलं." मी पाहिलं, कॉइलची वायर लोंबत होती. मी मामांकडं पाहिलं. ते गाईंकडं बघत होते. शेवटी ते दातण करायला मागं गेले तेव्हा मी हळूच वायर लावली आणि पाण्याला निघालो, कारण वाडी थांबत नाही. परत आल्यावर पुन्हा सोडून ठेवली.

सोबत मामांचं पोस्टकार्ड जोडलं आहे. मजकूर तुम्हाला पाठच असेल.

तुमचा,
मलप्पा